अर्थशास्त्राचा पाया: सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याने काय शिकावं आणि कोणत्या क्रमाने

समाजशास्त्र, राज्यशास्त्र किंवा इतिहास शिकणारे विद्यार्थी अर्थशास्त्राला हात घालतात तेव्हा बहुतेकदा वादापासून सुरुवात करतात. बाजार चांगला की वाईट, सरकारने हस्तक्षेप करावा की नाही, अमुक विचारवंत बरोबर की तमुक. सहा महिन्यांनी त्यांना चार विचारधारांची नावं नीट सांगता येतात. पण घरभाड्यावर कमाल मर्यादा घातली तर पुढे नेमकं काय होईल, हे विचारलं की गाडी अडते.

असे अनेक निबंध मी वाचले आहेत. त्यातला एक अजून लक्षात आहे. विषय होता किंमत नियंत्रण. तीन विचारवंतांची मतं सुरेख मांडली होती, भाषा उत्तम होती. पण कोणाला काय कमी पडेल, किती कमी पडेल आणि का, याबद्दल एक वाक्यही नव्हतं. त्या मुलीच्या बुद्धीत किंवा कष्टांत काही उणं नव्हतं, तिने शिकण्याचा क्रम उलटा धरला होता. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे: आधी शब्द, मग निवड, मग लहान तक्ते, मग आकडे, मग पुरावा आणि सगळ्यात शेवटी मतं. रोज तासभर दिलात तर तीन-साडेतीन महिने लागतील.

## तयारी: सुरुवात करण्यापूर्वी

एकच प्राथमिक पाठ्यपुस्तक घ्या आणि ते पूर्ण होईपर्यंत दुसरं उघडू नका. प्रत्येक पुस्तकाची चिन्हं वेगळी, धड्यांचा क्रम वेगळा. दोन पुस्तकं शेजारी ठेवली की निम्मा वेळ जुळवाजुळवीत जातो. सोबत चौकटींची वही, पेन्सिल, खोडरबर आणि आकडेमोडीसाठी स्प्रेडशीट लागेल. खोडरबर लागणारच, कारण आकृत्या पाहून हा विषय येत नाही, त्या काढाव्या लागतात.

गणिताची भीती असेल तर हे वाचा: पायाभूत अर्थशास्त्राला कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागत नाही. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर, सरळ रेषेचं समीकरण आणि तिचा उतार, एवढं पुरतं. पण एवढं मात्र पक्कं हवं.

पडताळणी: एखादी संख्या 20 टक्क्यांनी वाढली आणि नंतर 20 टक्क्यांनी घटली, तर ती मूळ जागी येते का? (100 चे 120 होतात, 120 चे 96.) उत्तर देताना अडखळलात तर एक आठवडा फक्त टक्केवारीला द्या. तो आठवडा पुढे महिनाभराचा त्रास वाचवेल.

शेवटची तयारी म्हणजे स्वतःचा एक प्रश्न. "गरिबी" हा प्रश्न झाला नाही, तो विषय झाला. "भाड्यावर मर्यादा घातली तर घर कोणाला मिळतं आणि कोणाला मिळत नाही?" हा प्रश्न झाला. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. प्रत्येक टप्पा संपला की त्या पानाकडे परत यायचं आहे.

## टप्पा 1: ओळखीचे शब्द नव्याने शिका

अर्थशास्त्रात अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्द जास्त फसवतात, कारण ते आपल्याला आधीपासून माहीत आहेत असं वाटतं.

"मागणी" म्हणजे गरज नव्हे. ठरावीक किंमतीला, ठरावीक काळात घेण्याची इच्छा आणि ऐपत दोन्ही असेल तरच ती मागणी. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची गरज कितीही तीव्र असली तरी मागणीच्या वक्रात, म्हणजे कोणत्या किंमतीला किती मागणी ते दाखवणाऱ्या रेषेत, ती दिसत नाही. सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावं. बाजाराची आकृती काय दाखवते आणि काय दाखवूच शकत नाही, याचं उत्तर या एका व्याख्येत आहे.

"गुंतवणूक" म्हणजे रोजच्या बोलण्यात शेअर किंवा जमीन विकत घेणं. देशाच्या हिशेबात मात्र नवी यंत्रं, नव्या इमारती आणि मालाच्या साठ्यात पडलेली भर म्हणजे गुंतवणूक. जुना शेअर एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर फक्त मालक बदलला. "बेरोजगार" म्हणजे काम नसलेला प्रत्येक माणूस नव्हे. काम नाही, काम शोधतो आहे आणि मिळालं तर करायला मोकळा आहे, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच तो बेरोजगारांत मोजला जातो.

याच टप्प्यावर साठा आणि प्रवाह हा भेद पक्का करा. संपत्ती हा साठा, तो एखाद्या दिवशी मोजतात. उत्पन्न हा प्रवाह, तो महिन्यात किंवा वर्षात किती आला असं मोजतात. कर्ज हा साठा आणि तूट हा प्रवाह.

वहीत तीन रकाने करा: शब्द, रोजचा अर्थ, अर्थशास्त्रातला अर्थ. मराठीतून शिकणाऱ्यांनी चौथा रकाना पर्यायी संज्ञांसाठी ठेवावा. एकाच कल्पनेला एका पुस्तकात संधी खर्च म्हणतात, दुसऱ्यात वैकल्पिक खर्च. सूक्ष्म आणि अंशलक्षी एकच (एकेका ग्राहकाचा, एकेका बाजाराचा अभ्यास), स्थूल आणि समग्रलक्षी एकच (संपूर्ण अर्थव्यवस्थेचा अभ्यास). हे माहीत नसल्यामुळे एकच धडा दोनदा नवा समजून वाचणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. इंग्रजी संज्ञाही त्याच ओळीत लिहून ठेवा, आकडेवारी शोधताना लागेल.

पडताळणी: "यंदा सरकारची तूट कमी झाली, म्हणजे कर्ज कमी झालं." हे वाक्य का चूक आहे ते दोन ओळींत लिहा. तूट शून्याच्या वर आहे तोवर कर्जात भर पडतच राहते, भर पडण्याचा वेग तेवढा कमी झालेला असतो.

## टप्पा 2: संधी खर्च आणि सीमान्त विचार

एखादी गोष्ट निवडताना जो सर्वांत चांगला पर्याय सोडावा लागला, त्याचं मोल म्हणजे संधी खर्च. व्याख्या सगळ्यांना पाठ असते, हिशेब मात्र चुकतो.

एक वर्ष पूर्ण वेळ शिकायचं ठरवलं, तर खर्च किती? शुल्क आणि पुस्तकं धरा. त्या वर्षी नोकरी केली असती तर मिळालं असतं ते वेतनही धरा. पण राहण्याचा खर्च? शिकलो नसतो तरी राहायला घर लागलंच असतं, म्हणून तो धरायचा नाही. शिकण्यामुळे तो वाढला असेल तर वाढलेला भाग तेवढा धरा. आणि गेल्या वर्षी भरलेलं, परत न मिळणारं शुल्क? तेही बाहेर. ते बुडीत आहे, आता काहीही ठरवलं तरी परत येणार नाही.

नेहमीची चूक: सोडलेल्या सगळ्या पर्यायांची बेरीज करणं. नोकरी, प्रवास आणि स्वतःचा व्यवसाय, तिन्ही एकाच वर्षात करता आले नसते. त्यातला सर्वांत मोलाचा एकच धरायचा.

सीमान्त म्हणजे आणखी एका एककामुळे पडणारा फरक. सरासरीशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून हे करून पाहा: चार परीक्षांची सरासरी 70 आहे, पाचवीत 60 गुण मिळाले, नवी सरासरी 68. पाचव्या परीक्षेचे 60 हे सीमान्त. ते सरासरीपेक्षा कमी होते, म्हणून सरासरी खाली ओढली गेली. उत्पादन खर्चाच्या धड्यातले वक्र याच नियमाने एकमेकांना छेदतात. हे समजलं की ती आकृती पाठ करावी लागत नाही.

## टप्पा 3: मागणी-पुरवठा स्वतःच्या हाताने

या टप्प्याला तीन आठवडे द्या. बाकी कुठे घाई झाली तरी चालेल, इथे नको.

भाड्याच्या खोल्यांचा एक कल्पित बाजार घेऊ. भाडं कोणत्याही चलनात धरा, आकडेच महत्त्वाचे.

- भाडं 6: मागणी 76, पुरवठा 40
- भाडं 8: मागणी 68, पुरवठा 50
- भाडं 10: मागणी 60, पुरवठा 60
- भाडं 12: मागणी 52, पुरवठा 70
- भाडं 14: मागणी 44, पुरवठा 80

पायरी 1. आलेख काढा. किंमत उभ्या अक्षावर, संख्या आडव्या अक्षावर. इतर शास्त्रांत कारण सहसा आडव्या अक्षावर असतं, इथे उलट आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी रूढ केलेली ही पद्धत तशीच चालत आली. म्हणून आलेख वाचताना आधी डावीकडे किंमत पाहा, मग आडवं जाऊन संख्या वाचा.

पायरी 2. समतोल, म्हणजे मागणी आणि पुरवठा सारखे होतात तो बिंदू, शोधा: भाडं 10, खोल्या 60. मग भाडं 12 असेल तर काय होईल ते शब्दांत लिहा. 70 खोल्या भाड्याने द्यायला तयार, घेणारे 52, म्हणजे 18 खोल्या रिकाम्या. रिकामी खोली ठेवण्यापेक्षा काही मालक भाडं उतरवतील. "बाजार समतोलाकडे जातो" असं लिहू नका. कोणता माणूस काय करतो ते लिहा.

पायरी 3. आता एकच गोष्ट बदला. शहरात नवं विद्यापीठ सुरू झालं आणि प्रत्येक भाड्याला मागणी 18 ने वाढली. नवा तक्ता करा. नवा समतोल येतो भाडं 12, खोल्या 70.

आता त्या दोन समतोलांकडेच पाहा: आधी 10 ला 60, नंतर 12 ला 70. ज्याला फक्त हे दोन आकडे मिळाले तो म्हणेल, "बघा, भाडं वाढलं की लोक जास्त खोल्या घेतात, मागणीचा नियम खोटा!" प्रत्यक्षात दोन्ही बिंदू पुरवठ्याच्या वक्रावर आहेत. मागणीचा वक्र सरकला आणि त्याने पुरवठ्याचा वक्र उघडा करून दाखवला. पुढे पुराव्याच्या टप्प्यावर हीच गोष्ट पुन्हा भेटेल, म्हणून हा हिशेब वहीत जपून ठेवा.

सर्वांत जास्त होणारी चूक: "भाडं वाढलं म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून भाडं घटलं, भाडं घटलं म्हणून मागणी वाढली..." हे गोल फिरणं थांबत नाही, कारण इथे दोन वेगळ्या हालचालींना एकच शब्द वापरला आहे. किंमत बदलल्यामुळे त्याच वक्रावर वर-खाली सरकणं म्हणजे मागणीचा संकोच किंवा विस्तार. किंमत सोडून दुसरं काही बदलल्यामुळे, म्हणजे उत्पन्न, आवड, लोकसंख्या किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलल्यामुळे पूर्ण वक्र हलणं म्हणजे मागणीची वृद्धी किंवा ऱ्हास. उत्तर लिहिण्याआधी समासात तीन शब्द टाका: कोणता वक्र, कोणत्या दिशेला, कशामुळे. हे तीन भरल्याशिवाय किंमतीबद्दल काही लिहायचं नाही.

पायरी 4. मूळ तक्त्याकडे परत या आणि भाड्यावर 6 ची कमाल मर्यादा घाला. खोल्या मिळतील 40, हव्या असतील 76 जणांना. 36 जण बाहेर. आकृती इथे थांबते आणि तुमचा विषय इथे सुरू होतो. 76 मधले कोणते 40 आत जातील? आता भाडं निवड करत नाही, म्हणून दुसरं काहीतरी करतं: ओळख, वंश, भाषा, रांगेत उभं राहायला लागणारा मोकळा वेळ, आधीपासून तिथे राहत असणं, टेबलाखालून दिलेली रक्कम. उलट भाडं 10 असताना निवड खिशाने केली होती, तीही तटस्थ नव्हती. कोणतीही व्यवस्था घेतली तरी कोणीतरी बाहेर राहतं. कोण आणि कोणत्या निकषावर, हा प्रश्न आता तुम्ही आकड्यांसकट विचारू शकता.

सावधान: हा तक्ता एका काळापुरता आहे. मर्यादा आली म्हणून बांधलेल्या खोल्या उद्या नाहीशा होत नाहीत. सुरुवातीला पुरवठा फारसा हलत नाही, काही वर्षांनी जास्त हलतो. उत्तरात काळ किती धरला आहे ते नेहमी लिहा.

पडताळणी: मूळ तक्त्यावर दर खोलीमागे 9 चा कर बसवा. मागणीचं समीकरण 100 उणे किंमतीची चौपट, पुरवठ्याचं 10 अधिक किंमतीची पाचपट. राहणारा किती देईल, मालकाच्या हाती किती पडेल? उत्तर: 15, 6 आणि खोल्या 40. म्हणजे 9 पैकी 5 चा भार राहणाऱ्यावर, 4 चा मालकावर. कायद्याने कर कोणाच्या नावावर लावला याने यात फरक पडत नाही. तो मालकावर लावून आणि राहणाऱ्यावर लावून, दोन्ही प्रकारे सोडवून पाहा. स्वतः सोडवेपर्यंत यावर विश्वास बसत नाही.

## टप्पा 4: लवचीकता

करातला मोठा वाटा राहणाऱ्यावर का पडला? ज्याला हलायला जागा कमी, त्याच्यावर भार जास्त. ही हलण्याची क्षमता मोजायचं माप म्हणजे लवचीकता: संख्येतला टक्केवारी बदल भागिले किंमतीतला टक्केवारी बदल.

मूळ तक्त्यात भाडं 10 वरून 12 झालं, म्हणजे 20 टक्के वाढ. मागणी 60 वरून 52, म्हणजे 13.3 टक्के घट. लवचीकता 0.67. आता उलट जा, 12 वरून 10. उत्तर येतं 0.92. रेषा तीच, दोन बिंदू तेच, तरी उत्तर वेगळं, कारण टक्केवारीचा पाया बदलला. म्हणून दोन्ही टोकांची सरासरी पायाला घ्या: 8 भागिले 56 आणि 2 भागिले 11. आता कोणत्याही दिशेने गेलात तरी 0.79 येईल. उत्तर 1 पेक्षा कमी आहे, म्हणून भाडं वाढूनही एकूण वसुली 600 वरून 624 झाली.

उतार आणि लवचीकता एकच समजू नका. मागणीच्या उतरत्या सरळ रेषेवर उतार सगळीकडे सारखा असतो, लवचीकता प्रत्येक बिंदूला बदलते.

## टप्पा 5: बाजार कुठे कमी पडतो

इथे दोन-चार दिवस पुरतात. चार प्रकार ओळखता यायला हवेत: व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यावर पडणारे बाह्य परिणाम, सार्वजनिक वस्तू, दोन बाजूंना असमान माहिती आणि एकाच्या हाती एकवटलेली बाजारशक्ती, म्हणजे किंमत किंवा वेतन स्वतः ठरवण्याची ताकद. वस्तू कोणत्या प्रकारची हे ठरवायला दोन प्रश्न विचारा. पैसे न देणाऱ्याला दूर ठेवता येतं का? एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडतं का? दीपगृहाचा प्रकाश, खुल्या समुद्रातले मासे आणि वर्गणी भरून पाहायची वाहिनी, तिन्हींना हे प्रश्न लावा. तीन वेगळी उत्तरं येतील.

चूक: जे आवडत नाही त्या सगळ्याला "बाजाराचं अपयश" म्हणणं. विषमता ही गंभीर गोष्ट आहे, पण बाजार अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा चालूनही ती राहू शकते. कार्यक्षमता आणि न्याय हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना एकाच वाक्यात कोंबलं की दोन्हींची उत्तरं हातची जातात.

## टप्पा 6: आकडे वाचायला शिका

वाद घालताना सामाजिक शास्त्राचा विद्यार्थी इथे हमखास पकडला जातो, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

एका देशाचं एकूण उत्पन्न 400 वरून 500 झालं. मथळा येईल: "25 टक्के वाढ!" दरम्यान किंमतींचा निर्देशांक (एकूण किंमतींची पातळी दाखवणारा आकडा) 100 वरून 120 झाला. 500 भागिले 1.2, म्हणजे वास्तव उत्पन्न (महागाई वगळून उरलेलं) 416.67. वाढ उरली 4.2 टक्के. (25 मधून 20 वजा करून 5 म्हणू नका. लहान दरांना ती वजाबाकी चालून जाते, मोठ्या दरांना चुकते.) त्याच काळात लोकसंख्या 10 वरून 10.5 झाली. दरडोई वास्तव उत्पन्न 40 वरून 39.68. मथळा 25 टक्के वाढीचा आणि सरासरी माणूस किंचित मागे. ही सरासरीही वाटणीबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी गिनी गुणांकासारखं वेगळं माप लागतं: सगळ्यांना सारखं मिळालं तर 0, सगळं एकालाच मिळालं तर 1.

म्हणून कोणताही आकडा दिसला की याच क्रमाने विचारा: चालू किंमतीला की स्थिर किंमतीला (महागाई वगळून)? आधारभूत वर्ष कोणतं? एकूण की दरडोई? सरासरी की मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा)?

बेरोजगारीचा दर वाचताना छेदाकडे लक्ष ठेवा. श्रमशक्तीत (कामावर असलेले आणि काम शोधणारे मिळून) 60 माणसं, त्यातली 54 कामावर, 6 काम शोधणारी. दर 10 टक्के. दोघांनी निराश होऊन शोध सोडला. आता श्रमशक्ती 58, शोधणारे 4, दर 6.9 टक्के. दर उतरला, पण एकालाही काम मिळालेलं नाही. हा दर वाचताना श्रमशक्ती सहभागाचा दर (काम करण्याच्या वयातले किती टक्के लोक श्रमशक्तीत आहेत) शेजारी नसेल तर निष्कर्ष काढू नका.

सावधान: बेरोजगारी 5 टक्क्यांवरून 6 टक्के झाली तर ती एका टक्केबिंदूने वाढली, किंवा मूळ दराच्या 20 टक्क्यांनी. "1 टक्क्याने वाढली" हे चूक.

पडताळणी: निर्देशांक 100, मग 110, मग 115.5. महागाईचा दर 10 वरून 5 टक्क्यांवर आला. किंमती उतरल्या का? उतरल्या नाहीत, चढण्याचा वेग मंदावला. हे उत्तर क्षणात आलं पाहिजे.

## टप्पा 7: संपूर्ण अर्थव्यवस्था

उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांची बेरीज, वजा आयात. जीडीपीचं (देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांच्या एकूण मूल्याचं) हे समीकरण पाठ करताच विद्यार्थी लिहितो: "आयात वजा होते, म्हणून आयात वाढली की जीडीपी घटतो." हे चूक आहे. परदेशातून आलेलं यंत्र आधीच गुंतवणुकीत मोजलं गेलेलं असतं. ते इथे तयार झालेलं नाही, म्हणून आयातीच्या रकान्यातून परत काढलं जातं. अधिक आणि उणे मिळून शून्य. समीकरण हिशेबाचा ताळा आहे, कशामुळे काय होतं हे ते सांगत नाही. आयातीमुळे देशातल्या उत्पादनावर परिणाम होतो की नाही हा खरा प्रश्न आहे, पण त्याचं उत्तर वजाबाकीच्या चिन्हात नाही.

दुसरा अडथळा: एकाला लागू ते सगळ्यांना लागू असं धरणं. एका कुटुंबाने खर्च कमी केला तर त्याची बचत वाढते. सगळ्यांनी एकदम खर्च कमी केला तर? एकाचा खर्च हेच दुसऱ्याचं उत्पन्न, म्हणून मंदीत सगळ्यांचीच उत्पन्नं घसरू शकतात आणि एकूण बचत ठरवली तशी वाढत नाही. देशाच्या अंदाजपत्रकाची तुलना घरखर्चाशी करणारं वाक्य दिसलं की ही कसोटी लावा.

पैसा, व्याजदर आणि मध्यवर्ती बँक यांवरचे धडे यानंतर वाचा, आधी नको. आणि प्रत्येक धड्याला साखळी लिहा: व्याजदर वाढला, मग कोणी कर्ज घ्यायचं टाळलं, मग कोणाची विक्री घटली, मग कोणाचं काम गेलं. जिथे कडी लिहिता येत नाही तिथला धडा पुन्हा वाचा.

## टप्पा 8: पुरावा तपासा

दोन गोष्टी एकत्र हलतात म्हणून एकीमुळे दुसरी होते असं नाही, हे सगळे जाणतात. खोल्यांच्या उदाहरणाने तुम्हाला त्याहून पुढचं दाखवलं: दोन आकडे कोणत्या वक्राचे आहेत तेच मुळात कळत नाही. तेव्हा तुलना कशाशी, हा प्रश्न शिका.

1992 मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते बदललं नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड उपाहारगृहांतला रोजगार वाढीच्या आधी आणि नंतर मोजला. नुसतं न्यू जर्सीचं आधी-नंतर पाहिलं असतं तर त्या काळातल्या इतर घडामोडी त्यात मिसळल्या असत्या. म्हणून दोन राज्यांत झालेल्या बदलांमधला फरक पाहिला. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रोजगार घटल्याचं आढळलं नाही. साध्या मागणी-पुरवठ्याचा अंदाज उलटा होता. नंतर वेगळी आकडेवारी वापरून इतर संशोधकांनी या निष्कर्षाला आव्हान दिलं आणि वाद बराच काळ चालला.

यातून "किमान वेतनाने रोजगार कधीच घटत नाही" असं उचलू नका. एवढ्या वाढीला, त्या ठिकाणी, त्या धंद्यात काय दिसलं, इतकंच उचला. मग प्रारूपाकडे, म्हणजे मागणी-पुरवठ्यासारख्या सोप्या केलेल्या चित्राकडे, परत जा: मजूर नेमणाऱ्यांच्या हाती बाजारशक्ती असेल तर वेतन वाढूनही रोजगार टिकू शकतो, हे पाचव्या टप्प्यातल्या कल्पनेनेच समजतं. पुराव्याने प्रारूप सुधारायचं, फेकून द्यायचं नाही.

पडताळणी: कोणताही अभ्यास वाचल्यावर चार ओळी लिहा. काय बदललं? तुलना कोणाशी? तुलनेतले दोन्ही गट तो बदल सोडून सारखे होते का? निष्कर्ष कुठवर ताणता येईल? तिसऱ्या ओळीला उत्तर नसेल तर तो अभ्यास निबंधात "सिद्ध झालं आहे" या शब्दांनी आणू नका.

## टप्पा 9: आता विचारधारा आणि तुमचा स्वतःचा विषय

आता वाद वाचा. प्रत्येक विचारधारेला एकच प्रश्न विचारा: आधीच्या टप्प्यांतलं कोणतं गृहीतक ही नाकारते? माणसं हिशेबी असतात हे? किंमती लवकर बदलतात हे? मालमत्तेची वाटणी दिलेली धरायची हे? उत्तर एका वाक्यात आलं तर ती विचारधारा कळली.

तुमचा विषय इथे थेट उपयोगी पडतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम मूळच्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक. सामायिक कुरणं, मासेमारी, पाटाचं पाणी यांची निगा लोक स्वतःच्या नियमांनी कशी राखतात हे त्यांनी प्रत्यक्ष ठिकाणांच्या अभ्यासातून दाखवलं आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पाचव्या टप्प्यातला समुद्रातल्या माशांचा प्रश्न पुन्हा उघडा. पुस्तक बहुतेकदा दोनच वाटा देतं, सरकारी नियंत्रण किंवा खाजगी मालकी. तिसरी वाट कोणत्या अटींवर चालते हे विचारायला समाजाची जाण लागते.

शेवटचं काम: पहिल्या पानावरच्या प्रश्नावर एक पान लिहा. क्रम असा: कोण निवड करतं आहे, त्याच्यापुढे कोणते पर्याय आहेत, बदल झाला तर कोणता वक्र किंवा कोणता प्रवाह हलेल, कोणाला काय मिळेल आणि कोणाचं काय जाईल, पुरावा काय म्हणतो. तुमचं मत शेवटच्या परिच्छेदात. पान झालं की लाल पेनाने "बाजार", "व्यवस्था", "भांडवल", "सरकार" हे शब्द जिथे जिथे वाक्याचे कर्ते झाले आहेत तिथे अधोरेखित करा. प्रत्येकाच्या जागी खरा माणूस आणि त्याची कृती घाला: घरमालक, भाडेकरू, कारकून, कर्ज मागणारा दुकानदार. जिथे माणूस सापडत नाही, त्या वाक्यासाठी तिसऱ्या टप्प्याच्या दुसऱ्या पायरीवर परत जा आणि तेवढा भाग पुन्हा सोडवा.